बियांचे दूध आणि दाट सार

श्रोतेहो, 'सूप' हा शब्द आता खेड्यातही नवा राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी लग्नाच्या जेवणात आरंभी पेलाभर सूप देतात आणि त्यावर सायीची एक धार सोडलेली असते. सूप दाट आणि मऊ लागावे म्हणून ही सायीची योजना. पण ज्यांना दूध पचत नाही, चालत नाही किंवा परवडत नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी हल्ली बाजारात बदामाचे, सोयाबीनचे, ओट नावाच्या धान्याचे दूध खोक्यांतून मिळू लागले आहे. हे दूध घालून सूप करा, असे सांगितले जाते. ते ऐकून पुष्कळांना वाटते, की हे शहरातल्या लोकांचे नवे खूळ आहे.

मला आज जे सांगायचे आहे ते असे, की ही गोष्ट नवी नाही आणि आपल्याला परकी तर मुळीच नाही. बी किंवा फळाचा गर वाटायचा, पाणी घालायचे, फडक्यातून पिळायचे आणि निघालेल्या पांढऱ्या रसाने कालवण दाट करायचे, ही रीत जगात अनेक ठिकाणी शेकडो वर्षे चालत आलेली आहे. मात्र त्या रसाला 'दूध' हे नाव पडल्यामुळे एक घोटाळाही झालेला आहे. कालवण दाट करणे हे एक काम आणि लेकराचे पोषण करणे हे दुसरे. ही दोन कामे एकच समजली म्हणजे नुकसान होते. या रसाचा इतिहास पाहिला, की दोहोंतला फरक आपोआप ध्यानात येतो.

आरंभ आपल्या कोकणापासून करू. देशावरच्या श्रोत्यांसाठी नारळाचा रस काढण्याची रीत आधी सांगतो. नारळ फोडून विळीच्या खवणीवर खवतात. खवलेल्या खोबऱ्याला चव म्हणतात. हा चव थोडे कोमट पाणी घालून पाट्यावर किंवा रगड्यावर वाटतात आणि स्वच्छ फडक्यातून घट्ट पिळतात. पहिल्याने निघतो तो दाट रस. उरलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून वाटले, पिळले, की दुसरा पातळ रस निघतो. मासळी, भाजी किंवा कडधान्य शिजवायचे ते पातळ रसात. दाट रस घालायचा अगदी शेवटी, आणि भांड्याच्या कडेला वाफ दिसू लागली, की चुलीवरून उतरवायचे. रस खळखळून उकळला तर फुटतो, हे कोकणातल्या प्रत्येक घरी मुलीला लहानपणीच शिकवतात.

तो का फुटतो? ओल्या खोबऱ्यात सुमारे तिसरा हिस्सा तेल असते. वाटताना त्या तेलाचे अगदी बारीक कण होतात आणि खोबऱ्यातले थोडेसे प्रथिन त्या कणांभोवती पातळ पापुद्र्यासारखे बसून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. कडक आच लागली म्हणजे हे प्रथिन आटते, कण एकत्र येतात आणि तेल वर तरंगते. गाईच्या दुधातही स्निग्धांशाचे कण असेच पाण्यात विखुरलेले असतात. म्हणून दोन्ही पांढरी दिसतात आणि दोन्ही जिभेला मऊ लागतात. साम्य आहे ते एवढेच. पुढच्या कथेत याची आठवण ठेवावी.

नारळ आपल्या किनाऱ्यावर फार जुना. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तो सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. उषवदाताने केलेली दाने त्यात मोजून सांगितली आहेत आणि त्यांत नानंगोल या गावची ३२,००० नारळाची झाडे आहेत. ज्यांच्यासाठी हे दान दिले ते लोक गोवर्धन, शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे, अशा ठिकाणी राहणारे होते. नारळ दान देण्याजोगी मिळकत होती, त्यावर लोकांचा निर्वाह चालत होता, हे त्या दगडावर कोरलेले आहे. नारळाचा रस कोणी कालवणात घालीत होते की नाही, ते मात्र त्यात नाही. स्वयंपाकघरातल्या गोष्टी राजे लोक दगडावर कशाला कोरतील!

ती माहिती आपल्याला प्रवाशांकडून मिळते. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता अरबस्तानच्या किनाऱ्यावर धोफार येथे आला. हा भाग आता ओमान देशात आहे. तिथे आणि हिंदुस्थानात होणाऱ्या नारळाचे त्याने मोठे नवल केले आहे. या एका फळापासून तेल, दूध आणि मधासारखा गोड पाक निघतो, असे तो लिहितो. दुधाची कृतीही त्याने दिली आहे. बसण्याच्या लाकडी आसनाला लोखंडी पाते बसवलेले असते, त्यावर बसून नारळाचा गर खरवडतात, तो पाण्यात कालवतात, मग त्या पाण्याला दुधाचा रंग आणि दुधाची चव येते आणि लोक ते जेवणात तोंडी लावतात. श्रोतेहो, हे वर्णन वाचताना आपली विळी-खवणी डोळ्यांपुढे येत नाही काय? सुमारे ७०० वर्षांपूर्वीचे हे लिखाण आहे आणि तेव्हासुद्धा लोक त्या रसाला 'दूध'च म्हणत होते.

आता कोणी विचारील, की कोकणात गाई नव्हत्या काय? होत्या, पण कोकणची गाय अंगाने लहान. ती डोंगरउतारावर चरणारी, मुसळधार पावसात टिकणारी, आणि दूध बेताचेच देणारी. दारच्या माडाला मात्र बारा महिने नारळ. दुसरे कारण मासळीचे. मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत, असे चरकसंहितेत सांगितले आहे. आजच्या आहारशास्त्राला त्याचा पुरावा मिळालेला नसला, तरी घरोघर ही समजूत पक्की बसलेली होती आणि अजूनही आहे. ज्या किनाऱ्यावर रोजच्या ताटात मासळी, तिथे कालवण दाट करायला गाईचे दूध कोण घालणार? नारळाच्या रसाला अशी बंदी नव्हती. त्यामुळे मासळीच्या कालवणापासून गोड शिरवाळ्यांपर्यंत तो सगळीकडे चालला.

सोलकढी तर सर्वांच्या परिचयाची. कढी म्हटली की ताक आले आणि ती चुलीवर कढवणे आले. सोलकढीत ताक नाही आणि ती कढवायचीही नाही. कोकमाचे आगळ किंवा भिजवलेल्या आमसुलांचे पाणी, नारळाचा रस, मीठ, मिरची, लसूण, एवढ्यावर ती होते. नाव तेवढे कढीचे राहिले. टोमॅटोच्या साराचीही अशीच गंमत. टोमॅटो मूळचा अमेरिकेचा. आपल्याकडे तो बऱ्याच उशिरा रुळला आणि जुनी माणसे त्याला वेलवांगे किंवा भेदरे म्हणत. म्हणजे टोमॅटोचे सार हा पदार्थ फार जुना नाही. पण त्याचा आंबटपणा मोडायला आणि सार दाट करायला बायकांनी जो नारळाचा रस घातला, ती विद्या मात्र आजीपणजीची. परदेशाहून फळ आले आणि आपल्या जुन्या रीतीत सामावून गेले. आज हॉटेलात ज्याला टोमॅटोचे क्रीम सूप म्हणतात, त्याचे हे घरचे भावंडच आहे.

घाटावर माड नाहीत, मग तिथे काय केले? तिथे जे पिकत होते ते वाटले. उपासाची दाण्याची आमटी आठवा. भाजलेले शेंगदाणे पाणी घालून पाट्यावर गंधासारखे वाटायचे, जिरे-मिरचीची फोडणी द्यायची, आमसूल टाकायचे, की भगरीबरोबर जेवायला दाट आमटी तयार. भुईमूगही दक्षिण अमेरिकेतून आलेला, पण आज उपासाच्या ताटात तो अगदी घरचा झाला आहे. कोल्हापुरी पांढऱ्या रश्शात मटणाच्या पाण्याला दाटपणा येतो तो नारळाच्या दुधाने, आणि खसखस, तीळ, काजू यांच्या वाटणाने. ठिकठिकाणी जिन्नस निराळा, पण युक्ती एकच. तेलबी बारीक वाटली, की तिचे तेल पाण्यात मिसळून राहते आणि रस्सा मऊ होतो.

हीच युक्ती युरोपातल्या लोकांनाही सापडली, पण निराळ्या गरजेतून. आपल्या उपासाला दूध चालते, किंबहुना उपास म्हणजे दूध-फळे असेच आपण समजतो. मध्ययुगातल्या ख्रिस्ती उपासाचा नियम याच्या उलट होता. ईस्टर सणापूर्वीच्या ४० दिवसांत, शुक्रवारी आणि वर्षातल्या इतर अनेक दिवशी मांस वर्ज्य असे, आणि मोठ्या उपासात मांसाबरोबर दूध, लोणी व अंडीही वर्ज्य असत. मासे चालत. अशा दिवशी श्रीमंतांच्या स्वयंपाक्यांनी बदामाचा आधार घेतला. बदाम गरम पाण्यातून काढून सोलायचे, उखळात कुटायचे, पाणी घालून फडक्यातून गाळायचे, झाले बदामाचे दूध. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास पाककृतींचा एक संग्रह तयार केला. त्यात बदामाचे दूध पानोपानी येते. मासळीच्या दिवशी करायचा भात बदामाच्या दुधात कसा करावा, हेही त्यात दिले आहे.

आणखी एक कारण व्यवहाराचे होते. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. गाईचे दूध एका दिवसात नासे. बदाम मात्र कोठारात वर्षभर टिकत आणि हवे तेव्हा हवे तेवढे दूध ताजे काढता येई. पण बदाम उत्तर युरोपात दक्षिणेकडून येत आणि महाग पडत. गरिबाच्या वाट्याला उपासाच्या दिवशी वाटाणे-पावट्याचे पातळ कढणच येई. दुधाची बंदी उत्तरेकडच्या थंड मुलखात फार जाचक वाटे, कारण तिथे तेलाची झाडे नव्हती, लोण्यावरच सगळा स्वयंपाक. म्हणून पुढे पैसे भरून उपासात लोणी खाण्याची सवलत मिळू लागली. फ्रान्समध्ये रूआँ शहराच्या कॅथेड्रलचा एक उंच मनोरा 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे काम सुरू झाले आणि अशा सवलतीच्या पैशातून तो उभा राहिला, असे सांगतात. एका साध्या खाद्यपदार्थाच्या मागे धर्म, पैसा आणि हवामान कसे उभे असते, ते शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना दाखवण्याजोगे आहे.

सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणा झाली. जिथे ती रुजली तिथे उपासाचे कडक नियम सुटत गेले आणि बदामाच्या दुधाची निकड संपली. तरी चव एकदम सुटली नाही. १६५१ साली फ्रान्समध्ये ला वारेन या आचाऱ्याचे पुस्तक निघाले. त्यात राणीच्या नावाचे एक सूप आहे आणि ते मांसाच्या पाण्यात बदाम कुटून दाट केलेले आहे. उपासाचा संबंध केव्हाच तुटला होता, पण जिभेला लागलेली गोडी उरली होती. पुढे पीठ आणि लोणी परतून रस्सा दाट करण्याची आणि साय घालण्याची रीत जोर धरत गेली, आणि क्रीम सूप म्हणजे सायीचे सूप असे समीकरण बसले. स्पेनच्या दक्षिण भागात मात्र बदाम, लसूण, पाव, तेल आणि शिरका एकत्र वाटून केलेले पांढरे थंड सार आजही उन्हाळ्यात द्राक्षांबरोबर खातात. आपल्या सोलकढीची आठवण व्हावी असाच तो प्रकार.

इथवर आपण पाहिले ते कालवणाचे. आता पोषणाची बाजू पाहू, कारण विसाव्या शतकात या रसांकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. चीनमध्ये सोयाबीन वाटून त्याचा रस उकळून पिण्याची आणि तो गोठवून पनीरासारखा पदार्थ करण्याची परंपरा जुनी आहे. ली यू-यिंग या चिनी गृहस्थाने पॅरिसजवळ सोयाबीनच्या पदार्थांचा कारखाना काढला आणि १९१० साली सोयाबीनच्या दुधाचे पेटंट मागितले. शांघायमध्ये हॅरी मिलर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरने १९३६ साली सोयाबीनच्या दुधाची डेअरी उभारली, पण दुसऱ्याच वर्षी युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. १९४० साली हाँगकाँगमध्ये के. एस. लो यांनी बाटलीतून सोयाबीनचे दूध विकायला आरंभ केला. भुकेल्या, निर्वासित लोकांना स्वस्तात प्रथिन मिळावे ही त्यामागची तळमळ होती.

याच प्रश्नाने महात्मा गांधींनाही आयुष्यभर सतावले. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. १९१८ साली खेडा जिल्ह्यात ते आजारी पडले आणि अंगात शक्ती राहिली नाही. दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. गाई-म्हशींच्या दुधाविषयीचे व्रत मोडत नाही, मग शेळीचे दूध घ्यायला हरकत कोणती, असे कस्तुरबांनी सुचवले, आणि गांधींनी ते मानले. आपण व्रताचा शब्द पाळला पण आशय पाळला नाही, ही रुखरुख त्यांनी आत्मकथेत स्पष्ट लिहिली आहे. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी जेवणात सोयाबीन घेऊन पाहिले. १९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिले, तेव्हाही दुधाची जागा पूर्णपणे घेईल अशी वनस्पती आपल्याला सापडली नाही, हेच त्यांना सांगावे लागले. नारळ, बदाम, भुईमूग, सोयाबीन हे सारे डोळ्यांपुढे असूनही इतक्या चिकाटीच्या माणसाचा शोध पुरा झाला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्वातंत्र्यानंतर म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्यातले प्रथिन वेगळे काढून 'मिल्टोन' नावाचे पेय तयार केले. त्यातही म्हशीचे दूध मिसळावे लागे. पुढे १९७० साली दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली, १९९८ साली भारत दूध उत्पादनात जगात पहिला आला, आणि दुधाला पर्याय शोधण्याची ती जुनी निकड मागे पडली.

मग आज हा विषय पुन्हा का निघाला? एक कारण असे, की जगातल्या बहुसंख्य प्रौढ माणसांना दुधातली साखर नीट पचत नाही. लहानपणी ती पचवणारा पाचकरस वयाबरोबर कमी होतो. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात याच विषयाच्या संशोधनातून ओटचे दूध निघाले. दुसरे कारण जनावरांविषयीची कणव आणि पर्यावरणाची काळजी. या दुधांचा खप वाढला तशी नावावरून भांडणे सुरू झाली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ जून २०१७ रोजी निर्णय दिला, की वनस्पतीच्या रसाला 'दूध' म्हणून विकता येणार नाही. मात्र जी नावे परंपरेने चालत आली आहेत ती त्या नियमातून वगळलेली आहेत, आणि नारळाचे दूध त्यांपैकी एक आहे. २०२१ साली आपल्या देशातील अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही वनस्पतींच्या पेयांवर दूध हा शब्द लावून विकू नये, असे बजावले. इब्न बतूताने ऐकलेले नाव असे आजच्या कायद्यातही टिकून राहिले!

नावाचा वाद वकिलांनी करावा. आपल्या घरी त्याचा अर्थ एवढाच, की नारळाच्या दाट रसात तेल पुष्कळ, प्रथिन थोडे आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, नगण्य. बाजारातल्या बदामाच्या दुधात बहुतेक पाणीच असते. सोयाबीनच्या दुधात प्रथिन गाईच्या दुधाच्या जवळपास असते, पण वरून घातल्याशिवाय चुना तितका मिळत नाही. तेव्हा सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचेच दूध हवे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला यांतले कोणतेही दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. हा रस पांढरा आहे, त्याला दूध म्हणतात, एवढ्यावरून बाटलीत भरून लेकराला पाजणे धोक्याचे आहे. सारात मात्र तो खुशाल घालावा. तिथे त्याने आपली योग्यता शेकडो वर्षे सिद्ध केली आहे.

जाता जाता एक गोष्ट मराठवाडा आणि विदर्भातल्या श्रोत्यांना सांगावीशी वाटते. तुमच्या शिवारात सोयाबीन उदंड पिकते, पण ते सगळे मोंढ्यावरून तेलगिरणीत जाते. घरच्या ताटात त्यातले फारसे येत नाही. मूठभर सोयाबीन रात्रभर भिजवा, साल काढा, कढत पाणी घालून वाटा आणि गाळा. कढत पाण्याने त्याचा उग्र वास कमी येतो. मग तो रस सतत ढवळत निदान पंधरा-वीस मिनिटे चांगला उकळा, कारण कच्चे सोयाबीन पचनाला बाधक असते. नारळाचा रस उकळायचा नाही आणि सोयाबीनचा उकळल्याशिवाय घ्यायचा नाही, हा फरक विसरू नका. भोपळ्याचे किंवा पालकाचे सार शिजले, की त्यात हा रस घाला. आंबट घालायचे असेल तर ते वाढताना बेताने घाला, नाहीतर रस नासून त्याच्या गुठळ्या होतील.

शिक्षकांना वर्गातही हा धडा सहज घेता येईल. एका पेल्यात नारळाचा रस, एका पेल्यात दाण्याचा आणि एका पेल्यात गाईचे दूध ठेवावे. तिन्हींत लिंबाचे चार थेंब टाकावे, थोडा वेळ थांबावे आणि काय होते ते मुलांकडून लिहवून घ्यावे. रंगाने सारखी दिसणारी तीन पेये तीन तऱ्हेने वागतात, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिले, की नाव एक असले तरी वस्तू एक नसते, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.